वाहत्या पाण्यांतील गरी

आमचें हें मासिक कास्तकारांचें. त्यांत बीं-बियाणें, खत, ओलित व गुरेंढोरें यांची चर्चा यावयाची. मासे धरण्याच्या विषयास येथें जागा कशी मिळाली, असें कित्येक वाचक विचारतील, आणि ज्यांच्या गळ्यांत तुळशीची माळ आहे ते तर पान उलटून पुढेंच जातील. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, लेखाचा मधला भाग तरी त्यांनीं वाचावा. तेथें माशांपेक्षां पाण्याचा विचार अधिक आहे, आणि पाणी माळकऱ्यासही लागतेंच.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेवर आंजी (मोठी) हें आमचें गांव धाम नदीच्या कांठीं वसलेलें आहे. हीच धाम पुढें येळाकेळीवरून पवनारास जाते, जेथें तिच्या तीरीं १९३८ सालीं विनोबा राहावयास आले. नदी कांहीं मोठी नव्हे. पावसाळ्यांत ती गढूळ व दांडगी असते, आश्विनापासून पौषापर्यंत निवळ वाहते, आणि पुढें तिची धार बारीक होत जाते. महाकाळी येथें धरण झाल्यापासून मात्र, वर्धा शहराच्या पिण्यासाठीं पात्रांतून पाणी सोडलें म्हणजे, उन्हाळ्यांतही अधूनमधून तिला जाग येते.

आमच्याकडे गळास गरी म्हणतात. काठी, दोरी व आंकडा या सर्व सरंजामासही तोच शब्द चालतो. पाण्यावर तरंगत राहून मासा लागल्याची खूण देणारा जो हलका तुकडा असतो, त्यास या लेखापुरतें आम्ही 'तरंगी' म्हणूं. नदीकांठच्या बहुतेक मुलांप्रमाणें आम्हींही बाळपणीं डोहाच्या कडेस बसून गरी टाकलेली आहे. डोहाचें पाणी निश्चल असतें. तरंगी जेथें टाकावी तेथेंच ती उभी राहते, आणि बुडाली कीं हिसका द्यावयाचा. या कलेंत धीराखेरीज शिकण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. पुढें शेतीच्या व्यापांत तीस-पस्तीस वर्षें ती काठी आढ्याला खोचलेलीच राहिली. दोन वर्षांपूर्वीं गुडघ्यांच्या दुखण्यामुळें डॉक्टरांनीं रोज सकाळीं चालावयास सांगितलें. चालावयाचेंच तर नदीकडे चालावें, असें ठरवून आम्हीं ती पुन्हा खालीं काढली.

डोहावर जाळें टाकण्याची ढीवरांची जुनी वहिवाट आहे. ती मोडूं नये म्हणून आम्ही वरच्या अंगास, खळाळाच्या खालीं जी लांब सरळ धार आहे, तेथें जाऊन बसलों. तेथें आमची बाळपणची विद्या उपयोगास येईना. तरंगी टाकली कीं धार तिला दहा-वीस पावलें खालीं नेई, दोरी ताणली जाई, आणि तरंगी आडवी होऊन कांठच्या गवतांत शिरे. ती एका जागीं राहावी म्हणून शिसें वाढविलें, तों आंकडा दगडांच्या फटींत बसला. एका सकाळीं असे चार आंकडे आम्हीं नदीस अर्पण केले.

त्याच धारेवर एक वृद्ध ढीवर येत असत. गांवांतील लहानथोर सर्व त्यांस आबाजी म्हणतात. आम्हीही तेंच म्हणूं. तीन दिवस त्यांनीं आमची फजिती पाहिली, पण शब्द काढला नाहीं. चवथ्या दिवशीं जवळ येऊन म्हणाले, "भाऊ, तुमी पान्याले बांधून ठेवता. थे बांधल्या जात नाही. तिले जाऊ द्या, अन् तिच्यासंग तुमी जा."

या एका वाक्याचा पुरा अर्थ समजावयास आम्हांस दोन हंगाम लागले.

आबाजींची रीत अशी. धारेच्या वरच्या टोकास उभें राहून तरंगी आपल्या पायांसमोर पाण्यांत ठेवावयाची आणि ती प्रवाहाबरोबर खालीं जाऊं द्यावयाची. दोरी हातांतून हळूहळू सोडीत राहावयाची. आमिष तळापासून चार बोटें वर, तळाशीं चालणाऱ्या पाण्याच्या चालीनें, तीस-चाळीस पावलें वाहत गेलें पाहिजे. धारेचें शेवट आलें कीं दोरी गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून आरंभ. डोहावरचा मनुष्य माशाची वाट पाहतो. येथें आमिषच माशाच्या दारावरून नेलें जातें, आणि तें सुटलेल्या अन्नासारखें सहज वाहत आलें तरच मासा तोंड उघडतो. सांगावयास हें सोपें आहे.

अडचण कोठें आहे, तें ओलिताचा पाट पाहणाऱ्या कास्तकारास लवकर समजेल. पाटाच्या मध्यावर भुशाची एक चिमूट टाकावी व दुसरी कडेस टाकावी. मधली पुढें निघून जाते, कडेची रेंगाळते. मातीशीं व दगडाशीं घासणारें पाणी मंद चालतें. नदींत हाच प्रकार वरपासून तळापर्यंत घडतो. पृष्ठभागाजवळचें पाणी वेगानें वाहतें, तळालगतचें त्याहून पुष्कळ हळू. आतां तरंगी वरच्या पाण्यांत आणि आमिष तळाशीं. तरंगीस मोकळी सोडली तर ती आमिषास आपल्यामागें फरफटत नेते. मासा तें पाहतो व सोडून देतो, कारण त्याच्या आजूबाजूचे किडे, पानें व दाणे त्या वेगानें कधींच वाहत नाहींत. यास्तव तरंगीस किंचित् रोखून धरावें लागतें. इतकें रोखावें कीं ती थोडी मागें कलून चालावी आणि आमिष तिच्यापुढें एखादी वीत चालावें. फार रोखलें तर दोरी तिरपी होऊन आमिष तळ सोडून वर उचललें जातें. किती रोखावें याचें माप पुस्तकांत मिळत नाहीं. तें बोटांनींच शिकावें लागतें.

पतंग उडविणाऱ्यास ही गोष्ट निम्मी अवगत असते. ढील देतांना मांजा मोकळा सुटावा, पण सैल पडूं नये, हें जें बोटांस कळतें, तेंच येथें लागतें. आबाजी दोरीचीं वेटोळीं डाव्या हातांत धरून एकेक सोडीत. आम्हांस तें साधेना, म्हणून आम्हीं नातवाची संक्रांतीची चक्री मागून घेतली, काठीच्या बुडाशीं बसविली, आणि काठीस तारेच्या पांच कड्या बांधून त्यांतून तंगूस ओढली. नातवानें ती चक्री अद्याप परत मागितलेली नाहीं. बाजारांत आतां लोखंडी व प्लास्टिकच्या चक्र्या मिळतात, त्या त्यास अधिक आवडतात.

काठी लांब पाहिजे. आमची पहिली काठी आठ फुटांची होती. आबाजींची तेरा-चौदा फुटांची, एकाच वेळूची, शेंड्याकडे लवचिक. लांबीचें कारण आम्हांस आधीं कळलें नाहीं. दूर फेंकण्यासाठीं ती लांब असते असें आम्ही समजत होतों. खरें कारण असें कीं, काठीच्या शेंड्यापासून तरंगीपर्यंतची दोरी शक्य तितकी पाण्याच्या वर राहावी. दोरी पाण्यावर पडली कीं मधली वेगवान धार तिला पोटासारखा फुगवटा आणते, आणि तो फुगवटा तरंगीस बाजूला ओढूं लागतो. तसें झालें तर काठी उचलून, दोरी पाण्यावरून अलगद सोडवून, प्रवाहाच्या वरच्या अंगास मांडावी. मात्र हें करतांना तरंगी हलतां कामा नये. पहिला महिनाभर आमच्या हातून दर खेपेस तरंगी हलली.

तरंगी आबाजी घरींच करीत. ज्वारीच्या वाळलेल्या धांड्याचा बोटभर तुकडा घेऊन त्याची साल काढावयाची, आंतील पांढऱ्या गरास वरून जाड व खालीं निमुळता आकार द्यावयाचा, आणि मोराच्या गळून पडलेल्या पिसाची काडी त्यांतून आरपार घालावयाची. भार वर व निमूळ टोंक खालीं, यामुळें वाहत्या पाण्यांत ती रोखून धरली तरी बुडत नाहीं. डोहावर वापरावयाची बारीक सरळ काडी येथें निरुपयोगी आहे. जरा रोखली कीं ती पाण्याखालीं जाते, आणि मासा लागला असें वाटून उगाच हिसका दिला जातो. धांड्याचा गर पाणी पितो, म्हणून त्यावर मेणाचा हात फिरवावा. शिशाचे चार-पांच बारीक तुकडे तरंगीखालीं दोरीस दाबून बसवावे. धार वेगाची असेल तर बहुतेक भार आंकड्यापासून एक हात अंतरावर एकत्र करावा, म्हणजे आमिष लवकर तळास जातें. धार संथ असेल तर ते तुकडे सदऱ्याच्या गुंड्यांप्रमाणें सारख्या अंतरावर ठेवावे. आबाजी हे तुकडे दातांनीं दाबीत. ही एक गोष्ट आम्हीं त्यांच्याकडून घेतली नाहीं. शिसें पोटांत जाणें बरें नव्हे, त्यास चिमटा वापरावा.

तरंगी किती खोलीवर बांधावी, हें आरंभींच ठरवावें लागतें. आंकड्यास शिशाचा एक जड गोळा लावून तो धारेंत सरळ सोडावा. तरंगी पाण्याखालीं गेली तर दोरी कमी पडली. ती आडवी पडली तर दोरी जास्त झाली. असें धारेच्या तीन-चार जागीं केलें म्हणजे तळाचा नकाशा मनांत तयार होतो. आम्हीं हें काम कंटाळ्यामुळें टाळलें, आणि त्या आळसाचा दंड आंकड्यांच्या रूपानें भरला. वरचेवर एकाच ठिकाणीं तरंगी बुडूं लागली तर तेथें दगड आहे असें समजून दोरी दोन बोटें कमी करावी.

जागा निवडतांना आबाजी पाण्यावरून नजर फिरवीत, आणि जेथें वेगवान धार व संथ पाणी एकमेकांस लागून वाहतात, ती रेषा बोटानें दाखवीत. मासा त्या सांध्यावर राहतो. संथ पाण्यांत उभें राहण्यास त्यास श्रम पडत नाहींत, आणि शेजारच्या धारेंतून अन्न वाहत येतें. घाटाच्या ओट्यावर बसून बाजारच्या रस्त्याकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसासारखी ती जागा आहे.

आमिषास गांडूळ किंवा कणकेची घट्ट गोळी. त्याशिवाय आबाजी दर खेपेस तरंगी सोडण्यापूर्वीं शेंगदाण्याची भिजविलेली ढेप व ज्वारीचें भाजलेलें पीठ यांची चिमूटभर गोळी वरच्या अंगास टाकीत. येथें मूठ उपयोगाची नाहीं. मूठभर टाकलें तर मासा पोट भरून खालीं निघून जातो. चिमूट टाकली तर तो वाट पाहत वर येतो. गोळी कोठें विरते आणि तिचे कण तळाशीं कोठें पोंचतात, तें पाहून तरंगी त्याच ओळीनें न्यावयाची. आमची गोळी एका ओळीनें जाई आणि तरंगी दुसऱ्या. माशांस आम्हीं एक महिनाभर फुकट जेवूं घातलें.

हिसका केव्हां द्यावा याविषयीं आमचें व आबाजींचें मत जुळावयास वेळ लागला. आम्ही तरंगी बुडण्याची वाट पाहत असूं. ते म्हणत, तरंगी थबकली, वर उचलली गेली, बाजूस सरली, किंवा शेजारून वाहणाऱ्या पानापेक्षां हळू चालली, तरी काठी उचलावी. "बुडेपर्यंत थांबलं तं मासा चाखून थुंकते, भाऊ." काठी उचलावयाची ती प्रवाहाच्या उलट दिशेस, मनगटानें, खांद्यानें नव्हे.

पहिला मासा आम्हांस मार्गशीर्षांत लागला. पाऊण हात लांबीचा शिंगाडा; तरंगी रोखून धरतांना चुकून जास्त रोखली गेली, आमिष तळावरून उचललें, आणि त्याच क्षणीं त्यानें तें घेतलें. आम्हीं ही चूक लाजत लाजत आबाजींस सांगितली, तेव्हां ते हंसले. धारेच्या शेवटीं मुद्दाम असें रोखून आमिष वर उचलण्याची त्यांची जुनी युक्ति होती. पळूं पाहणाऱ्या किड्यासारखें तें दिसतें व मासा झडप घालतो. ही युक्ति त्यांनीं आम्हांस आधीं कां सांगितली नाहीं, असें विचारतां म्हणाले, "आधी सांगितलं असतं तं तुमी सारा दिवस थेच केलं असतं."

ही विद्या केवळ आमच्या धामेची नाहीं. इंग्लंडांत ट्रेंट नदीवरील नॉटिंगहॅम गांवचे गळकरी याच रीतीसाठीं प्रसिद्ध झाले. त्यांची लाकडी चक्री आंसावर मोकळी फिरे, आणि प्रवाहाच्याच ओढीनें दोरी तिच्यावरून सुटत जाई. जे. डब्ल्यू. मार्टिन या गृहस्थानें त्या रीतीवर १८८२ सालीं पुस्तक लिहिलें. हिंदुस्थानांत मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा भर महाशीर माशावर आहे. तथापि आपल्या दक्षिणेंत या विषयाचें लेखन त्यापूर्वीं साडेसातशें वर्षांचें आहे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल म्हणत, त्यानें ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांस घालावयाचें अन्न व गळानें त्यांस धरण्याची रीत सांगितली आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं १९२५ पासून संपादून छापला, आणि त्यांतील या प्रकरणाचा अभ्यास प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं प्रसिद्ध केला. आबाजींस आम्हीं हें सांगितलें. राजानें मासे धरण्यासाठीं ग्रंथ लिहिला याचें त्यांस नवल वाटलें नाहीं. राजास ढेप कोण भिजवून देत असे, एवढेंच त्यांनीं विचारलें.

आतां माळकरी वाचकांनीं इकडे लक्ष द्यावें. ज्या तरंगीनें मासा कळतो, तिच्याच साह्यानें नदींत किती पाणी वाहतें हें मोजतां येतें, आणि पाटबंधाऱ्यांचे इंजिनियरही साधन नसेल तेव्हां हीच रीत वापरतात. पात्र सरळ व सारख्या रुंदीचें असेल अशी जागा पाहून कांठावर तीस फुटांच्या अंतरानें दोन खुंट्या ठोकाव्या. वरच्या खुंटीच्या जरा वर मध्यधारेंत तरंगी, किंवा दोरी नसलेला धांड्याचा तुकडा, सोडावा आणि दोन खुंट्यांमधील अंतर तो किती सेकंदांत कापतो हें घड्याळावर पाहावें. असें पांच वेळां करून सरासरी घ्यावी. समजा, वीस सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदास दीड फूट. परंतु तळचें पाणी हळू चालतें हें आपण वर पाहिलें. म्हणून या वेगास ०.८५ नें गुणावें. पात्र उथळ व खडकाळ असल्यास हा गुणक आणखी कमी धरावा. येथें उत्तर १.२७ फूट येतें. मग काठीनें खोली पांच-सहा जागीं मोजून तिची सरासरी व पात्राची रुंदी यांचा गुणाकार करावा. रुंदी सोळा फूट आणि खोली दीड फूट असेल तर चोवीस चौरस फूट. चोवीसास १.२७ नें गुणिलें म्हणजे सेकंदास सुमारें तीस घनफूट पाणी; एका घनफुटांत २८.३ लिटर, या हिशेबानें साडेआठशें लिटरांच्या आसपास.

हा आंकडा घेऊन काय करावयाचें? पांच अश्वशक्तीचा पंप पन्नासएक फूट चढावर सेकंदास दहा-बारा लिटर पाणी फेंकतो. माघांत धारेंत तीनच घनफूट, म्हणजे सुमारें पंचाऐंशी लिटर पाणी उरलें, तर आठ पंप तें सर्व ओढूं शकतात. आपल्या व शेजाऱ्यांच्या पंपांची संख्या प्रत्येकास ठाऊक आहे. हरभऱ्याचें दुसरें पाणी मिळेल कीं नाहीं, याचा अंदाज नदीकडे नुसतें पाहून बांधण्यापेक्षां खुंट्या ठोकून बांधलेला बरा. आम्हीं स्वतः तो पहिल्यांदा केला तेव्हां नदीचें पाणी आमच्या कल्पनेच्या निम्म्याहून कमी निघालें, आणि गव्हाचें एक एकर कमी करून तेथें जवस पेरला.

यापुढील हकीकत लिहावी कीं नाहीं याचा आम्हीं पुष्कळ विचार केला.

गेल्या वर्षीं आश्विनाच्या अखेरीस एका सकाळीं आम्ही धारेवर गेलों, तों आबाजी काठी न काढतां कांठावर बसले होते. धारेच्या कडेस झिंगे पांढरे होऊन पडले होते. बारीक रुपेरी मासळी पोट वर करून वाहत येत होती. एक मरळ, जी सहसा कशानें मरत नाहीं, उथळ पाण्यांत फिरकी घेत होती. आबाजी उठले व कांठाकांठानें वरच्या अंगास चालूं लागले. आम्ही त्यांच्यामागें गेलों. आमच्या शेताची पांधण जेथें नदींत उतरते, तेथें चिखलांत फवाऱ्याच्या पंपाच्या बुडाचा गोल ठसा होता आणि औषधाच्या बाटलीचें झांकण पडलें होतें. पंप आमचा होता. आदल्या दिवशीं कपाशीवर फवारणी झाली होती, आणि संध्याकाळीं पंप स्वच्छ धुवून आणावा, असें आम्हींच सालदारास बजावलें होतें. कोठें धुवावा हें सांगितलें नव्हतें.

सालदारास विचारतां तो गोंधळला. "बैल तं थेच पाणी पेले मालक, त्याइले काही झालं नाही." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. औषध सायपरमेथ्रिन जातीचें होतें. या वर्गांतील औषधें गुराढोरांच्या शरीरांत लवकर विघटन पावतात, म्हणून थोड्या प्रमाणांत त्यांस सहसा बाधत नाहींत. पण माशांस व झिंग्यांस तीं अत्यंत घातक असतात. एक लिटर पाण्यांत ग्रॅमचे कांहीं दशलक्षांश एवढें औषध गेलें तरी मासळी मरूं शकते. बैलावरून नदीची परीक्षा होत नाहीं, हें आम्हांस माहीत नव्हतें. माहीत असावयास पाहिजे होतें. बाटलीवरील कागदावर ती सूचना छापलेली असते, आणि आम्हांस वाचतां येतें.

नदींत विष किंवा सुरुंगाची दारू घालून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेंच बंदी झाली होती. विहीर खोदतांना उरलेलें जिलेटीन डोहांत टाकणाऱ्यांविरुद्ध आम्हीं याच गांवांत एकदां पंचांपुढें मोठ्या आवाजांत भाषण केलें होतें. तें भाषण आबाजींनीं ऐकलें होतें कीं नाहीं, हें आम्हीं त्यांस अद्याप विचारलेलें नाहीं.

दिवाळीपर्यंत त्या धारेंत कोणासही मासा लागला नाहीं. खालच्या डोहांतही ढीवरांचीं जाळीं जवळजवळ रिकामीं निघत होतीं, आणि त्या दिवसांत त्यांच्या चुलीवर काय शिजत होतें याची चौकशी करण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्हीं आबाजींकडे व शेजारच्या दोन घरीं ज्वारी पाठविली. ती त्यांनीं ठेवून घेतली. त्याविषयीं ते एक शब्दही बोलले नाहींत, आणि पुढें महिनाभर आमच्याशींही बोलले नाहींत. तो काळ आम्हांस जड गेला.

तेव्हांपासून आमच्या शेतावर जी पद्धत आहे ती येथें देतों. पाणी पिपांत भरून बांधावर आणावयाचें. पंप नदीकांठीं न्यावयाचाच नाहीं. औषधाची बाटली रिकामी झाली कीं तींत थोडें पाणी घालून तीन वेळां खळखळावयाची, आणि तें धुवण पंपांतच ओतावयाचें. फवारणी संपल्यावर पंपही असाच थोड्या थोड्या पाण्यानें तीनदां धुवून तें पाणी त्याच पिकावर फवारून टाकावयाचें. यांत औषधही वायां जात नाहीं. रिकामी बाटली भोंक पाडून निरुपयोगी करावयाची, म्हणजे ती कोणी तेलासाठीं घरीं नेणार नाहीं. हें सर्व करण्यास पाव तास लागतो. हातमोजे व तोंडाला फडकें सालदारास आम्हीं त्याच वेळीं आणून दिलें. तें आधींच द्यावयास पाहिजे होतें, हा दोष वेगळा.

पौषांत वरच्या खळाळांतून नवी मासळी खालीं उतरली. एका सकाळीं आम्ही तरंगी सोडीत असतां मागून आवाज आला, "भाऊ, दोरीले पोट आलं." आम्हीं काठी उचलली, दोरी वरच्या अंगास मांडली, आणि त्या खेपेस तरंगी हलली नाहीं.

कांहीं किरकोळ सूचना राहिल्या आहेत. ही रीत शिकावयास आश्विन ते पौष हा काळ उत्तम. आषाढ-श्रावणांत मासळी अंडीं घालण्यासाठीं पुराबरोबर वर चढते, तेव्हां गरी आढ्यालाच असावी. गाभोळी मादी केव्हांही लागली तर ती सोडावी. हात ओला करून धरल्यास तिच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघत नाहीं. धरणाखालील नदींत पाणी अचानक वाढूं शकतें. पाण्यांत उभें राहणाऱ्यानें पायाशीं एखादा दगड खुणेस ठेवावा आणि तो बुडूं लागतांच कांठ गांठावा. ज्या जलाशयांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे आहे, तेथें विचारल्यावांचून गरी टाकूं नये. आबाजींशीं आमचा करार असा आहे कीं, धार आमची व त्यांची, डोह फक्त त्यांचा. काठीसाठीं वेळू पौषांत तोडावा, सावलींत आडवा टांगून वाळवावा. पावसाळ्यांत तोडलेल्यास लवकर कीड लागते.

ज्या वाचकांच्या शेतालगत नाला अथवा नदी वाहते, त्यांनीं कार्तिकांत एकदां व माघांत एकदां वर दिल्याप्रमाणें खुंट्या ठोकून पाण्याची मोजणी करावी, आणि जागेचें नांव, रुंदी, खोली व लागलेले सेकंद आमच्याकडे कार्डावर लिहून पाठवावे. येतील तसे आंकडे या पानांवर छापण्यांत येतील.